तेरांचा तोरा, पिपेतचा दरारा!

मंडळी, क्विझला तयार? असा एक इंटरनॅशनल खेळाडू सांगा, जो धूर सोडत मैदानात यायचा, खेळ पलीकडच्या टोकाला गेला की कुंपणाजवळच्या प्रेक्षकाकडून सिगरेट घेऊन दोन झुरके मारायचा, पकडी करायला कंटाळायचा, आणि तरीही ज्याने ऑस्ट्रेलियाला त्यांच्याच घरी लोळवलं!

हरलात? हरकत नाही. शहाद्यापासून शिवाजी पार्कापर्यंत हे नाव फार कोणाला माहीत नाही, आणि म्हणूनच आजचा हा धमाका.

नाव : पुइग ओबेर. देश : फ्रान्स. खेळ : रग्बी लीग. टोपणनाव : पिपेत!

आता नंदुरबार जिल्ह्यातल्या लोणखेड्याच्या दोस्तांनी विचारावं, 'फ्रान्सचा रग्बीवाला आणि आमचा काय संबंध?' संबंध आहे, आणि तो थेट गावाच्या नावातच! कबड्डीत समोरची अख्खी टीम बाद केली की काय चढतं? लोण! लोण चढलं की बोनस किती? २ गुण! आणि रग्बी लीगमध्ये बॉल लाथेने उडवून दोन खांबांच्या मधून, आडव्या दांडीच्या वरून पाठवला की गुण किती? तेही २! पुइग ओबेरने आयुष्यभर हेच केलं. दोन-दोनचा रतीब घातला आणि एकेका टीमवर लोण चढवलं.

माहीत आहे का, रग्बी एक नाही, दोन आहेत? टीव्हीवर जास्त दिसते ती रग्बी युनियन, एका बाजूला १५ जण. तिची धाकटी, तिखट बहीण म्हणजे रग्बी लीग. एका बाजूला १३. बॉल तोच लांबुडका, पपईच्या चुलतभावासारखा. हाताने पास द्यायचा तर फक्त मागे. पळायचं मात्र पुढे! बॉल घेऊन पळणाऱ्याला आडवा पाडायचं, त्याने उठून बॉल पायाने मागे सरकवायचा आणि पुन्हा धूम. आजच्या नियमात सहा वेळा पाडले गेलात की बॉल समोरच्यांचा. चढाई, पकड, पुन्हा चढाई. कबड्डी खेळणाऱ्या पोराला हा खेळ समजायला पाच मिनिटं बास.

आणि हो, पुरुषांच्या कबड्डीचं मैदान किती लांब? १३ मीटर! तेरा हा आकडा आपल्याकडे 'तीन तेरा' वाजवण्यासाठी बदनाम. फ्रान्समध्ये मात्र या खेळाचे चाहते स्वतःला अभिमानाने 'त्रेझिस्त' म्हणवतात. म्हणजे चक्क 'तेरावाले'!

हे तेरावाले जन्मले कशापायी? पगारापायी! २९ ऑगस्ट १८९५. इंग्लंडच्या हडर्सफील्ड गावातलं जॉर्ज हॉटेल. उत्तरेकडच्या क्लबांचे कारभारी जमले. त्यांचे खेळाडू गिरण्यांत आणि कोळशाच्या खाणीत राबणारे. शनिवारी मॅच खेळायची तर खाडा पडायचा, मजुरी बुडायची. 'बुडालेली मजुरी भरून द्या' एवढीच मागणी. लंडनच्या साहेबांनी नकार दिला. क्लब उठले, वेगळे झाले, नवा संसार थाटला. १९०६ मध्ये दोन खेळाडू कमी करून १५ चे १३ केले आणि खेळ सुसाट सुटला. मला तर हा जन्म फार आवडतो. रोजंदारीवरच्या माणसाला खेळ परवडावा, म्हणून एक अख्खा खेळ जन्माला आला!

आता कॅलेंडरची गंमत. डिसेंबर १९३३. मुंबईत बॉम्बे जिमखान्यावर भारताच्या मातीवरची पहिली क्रिकेट टेस्ट सुरू झाली ती १५ तारखेला. त्याच टेस्टमध्ये लाला अमरनाथांनी ११८ धावा ठोकल्या. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला पॅरिसच्या पेर्शिंग स्टेडियममध्ये इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया यांनी फ्रेंच लोकांना तेरांची रग्बी पहिल्यांदा दाखवली. ऑस्ट्रेलियाने मॅच मारली ६३-१३ अशी. तेराच्या खेळात हरणाऱ्याचा स्कोअरही तेरा!

त्या काळी फ्रान्सची पंधरांची टीम वाळीत पडलेली होती. खेळाडूंना गुपचूप पैसे देतात, असा ठपका ठेवून १९३१ मध्ये ब्रिटनच्या संघटनांनी त्यांच्याशी खेळणंच बंद केलं होतं. ज्याँ गालिया नावाच्या धिप्पाड गड्याने ही संधी हेरली. १९३४ च्या वसंतात पोरं गोळा केली, इंग्लंडचा दौरा करून आला आणि फ्रान्समध्ये लीग उभी राहिली. दक्षिण फ्रान्समध्ये, द्राक्षमळ्यांच्या पट्ट्यात, खेळ वणव्यासारखा पसरला.

आणि मग बंदी. होय, खेळावर बंदी!

माहीत आहे का, की एखाद्या देशाच्या सरकारने वटहुकूम काढून एक अख्खा खेळ संपवून टाकायचा घाट घातला होता? दुसऱ्या महायुद्धात फ्रान्स पडला, जर्मनांशी जुळवून घेणारं विशी सरकार आलं. १९ डिसेंबर १९४१ च्या हुकमाने रग्बी लीगची संघटना बरखास्त. पैसा, मालमत्ता, सगळं जप्त! खेळाडूंनी मुकाट्याने पंधरांच्या रग्बीत जावं नाहीतर घरी बसावं.

त्यावेळी त्या सरकारचा क्रीडाखात्याचा प्रमुख कोण होता, ओळखा. ज्याँ बोरोत्रा! १९२४ आणि १९२६ चा विम्बल्डन विजेता टेनिसपटू. खेळाडूच्याच कारकिर्दीत खेळाचा गळा दाबला गेला. आणि नियतीचा ट्विस्ट पाहा. पुढे याच बोरोत्राला जर्मनांनी पकडलं, ऑस्ट्रियातल्या इटर किल्ल्यात डांबलं आणि मे १९४५ मध्ये त्याची सुटका झाली. सिनेमा काढायला घ्या कोणीतरी!

युद्ध संपलं, खेळ परतला, पण नाव परत मिळालं नाही. 'रग्बी' हा शब्द वापरायलाच मनाई. नाव घ्यायचं ते नुसतं 'तेरांचा खेळ' असं. आणि ही मनाई किती वर्षं? १९९० उजाडलं तरी होतीच! मैदानावर वाघ, कागदावर बेनाम. याच बेनाम खेळाचा सगळ्यात मोठा स्टार म्हणजे आपला पिपेत.

चला, आता हिरोची एन्ट्री.

जन्म २४ मार्च १९२५. फ्रेंच खेळाडू, पण जन्म कुठे? जर्मनीत! ऱ्हाइन नदीकाठचं आंडरनाख हे गाव. पहिल्या महायुद्धानंतर तो पट्टा दोस्त राष्ट्रांच्या फौजांच्या ताब्यात होता. मूळ घराणं मात्र दक्षिण फ्रान्सच्या कातालान मुलखातलं. कातालान भाषेत 'पुइग' म्हणजे टेकडी, आणि तिकडचे लोक त्याचा उच्चार करतात 'पूच'. कागदोपत्री नाव रोबेर ओबेर पुइग. लोकांनी आडनाव पुढे ओढलं, पहिलं नाव गाळलं आणि 'पुइग ओबेर' पक्कं झालं.

'पिपेत' हे टोपणनाव कशावरून, हे सांगायची गरज आहे का? तोंडातल्या त्या सततच्या नळकांडीवरून! (पोरांनो, ही एक गोष्ट सोडून बाकी सगळी कॉपी करा. तंबाखूने कोणाचा दम वाढल्याचं जगात एकही उदाहरण नाही, आणि पिपेतकडे जे होतं ते धुरातून आलेलं नव्हतं.)

दिसायला कसा? उंचीने बेताचा, अंगाने जरा गोल. रग्बीचा प्लेअर म्हटल्यावर जो दाराएवढा पहिलवान डोळ्यांसमोर येतो, त्याच्या उलट. नंदुरबारकरांना समजावून सांगायला नको, मिरची जितकी लहान तितकी झणझणीत!

माहीत आहे का, की तो आधी पंधरांच्या रग्बीत फ्रान्सचा चॅम्पियन होता? १९४४ मध्ये पर्पिन्याँच्या टीमने फ्रेंच स्पर्धा जिंकली तेव्हा १९ वर्षांचा हा पोरगा त्यात होता. मग कार्कासोनच्या क्लबने त्याला तेरांत आणलं आणि लगेच १९४५ आणि १९४६ अशी सलग दोन वर्षं फ्रान्सची लीग कार्कासोनने मारली.

कार्कासोन म्हटल्यावर बोर्डगेमवाल्यांचे कान टवकारले असतील. तेच ते! २००० साली आलेला, फरशा जोडत किल्ले आणि रस्ते रचायचा तो जगप्रसिद्ध गेम याच गावाच्या नावाचा. गावाला दुहेरी तटबंदीचा जबरदस्त किल्ला आहे, १९९७ पासून युनेस्कोच्या यादीत. २०२५ मध्ये आपल्या रायगड-राजगडासह १२ मराठा किल्लेही त्याच यादीत गेले. म्हणजे पिपेतचं गाव आता आपलं 'यादीभाऊ' झालं म्हणायचं!

तर हा पिपेत फुलबॅक. फुलबॅक म्हणजे सगळ्यात मागचा, शेवटची भिंत. समोरून कोणी सुटून आला की त्याला लोळवायचं ही त्याची ड्यूटी. आणि नेमकी हीच ड्यूटी याला नावडती. पुढच्या १२ जणांनी माणूस सोडलाच कसा, असा त्याचा सरळ हिशेब! कबड्डीत असा कोपरारक्षक असता तर कोचने दुसऱ्या दिवशी घरी पाठवला असता.

मग टीममध्ये ठेवला कशाला? त्या पायासाठी, मंडळी, त्या पायासाठी!

बॉल ठेवायचा, मागे वळायचं, चार पावलं चालायचं, वळून थेट किक. जमिनीचा अंदाज घ्या, वारा बघा, गवत उडवा, डोळे मिटून श्वास घ्या असलं काही नाही. पाहणारे सांगत, की बॉल खांबांमधून गेला की नाही हे बघायलाही तो थांबायचा नाही, गेला असणारच या खात्रीने परत फिरायचा. चालत्या खेळात लांबून ड्रॉप किक मारून गोल करायचा, ते वेगळंच. आणि हात? उंच उडालेला बॉल सहज एका हातात झेलायचा, बोरं वेचल्यासारखा.

आता खुर्ची धरून बसा. १९५१ येतंय.

फ्रान्सची टीम पहिल्यांदाच ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर निघाली. आदल्याच वर्षी, १९५० मध्ये, ऑस्ट्रेलियाने ग्रेट ब्रिटनला हरवून तब्बल ३० वर्षांनी अ‍ॅशेस परत मिळवली होती. (हो, रग्बी लीगमध्येही अ‍ॅशेस असते!) अख्खा देश खुशीत. आणि समोर कोण? दहा वर्षांपूर्वी ज्यांचा खेळ सरकारने पुसून टाकला होता, ज्यांना खेळाचं नाव सांगायचीही परवानगी नव्हती, अशी पोरं. कॅप्टन, सिगरेटवाला पिपेत.

ऑस्ट्रेलियाचा कॅप्टनही फुलबॅकच. क्लाइव्ह चर्चिल. आणि त्याचं टोपणनाव काय माहीत आहे का? 'लिटल मास्टर'! गावसकर नावाचा मुलगा मुंबईत तेव्हा दोन वर्षांचाही झाला नव्हता. म्हणजे मराठी माणसाच्या हक्काचं हे बिरुद सिडनीत आधीच वापरात होतं. आजही ऑस्ट्रेलियन लीगच्या ग्रँड फायनलमधल्या सर्वोत्तम खेळाडूला चर्चिलच्याच नावाचं पदक मिळतं.

पहिली टेस्ट, ११ जून, सिडनी क्रिकेट ग्राउंड. तेच मैदान, जिथे आपण पहाटे उठून क्रिकेट बघतो. ६० हजारांवर माणसं. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडेबाजार ऐन रंगात असतानाचा तो माणसांचा समुद्र डोळ्यांसमोर आणा, तसं काहीसं. निकाल, फ्रान्स २६, ऑस्ट्रेलिया १५. पिपेतचे गोल ७.

दुसरी टेस्ट, ब्रिस्बेन. ऑस्ट्रेलियाने उसळून २३-११ असा बदला घेतला. पिपेतचे गोल ४.

१-१. फैसला तिसऱ्या टेस्टला.

२१ जुलै, पुन्हा सिडनी, पुन्हा ६० हजारांच्या वर गर्दी. सगळ्यांना वाटत होतं, यजमान आता फाडून खाणार. आणि त्या दुपारी फ्रेंचांनी असं काही खेळून दाखवलं, की ऑस्ट्रेलियन प्रेक्षकच उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. एली ब्रूससारखे बलदंड फॉरवर्ड समोरची रांग फोडत होते, ज्याँ दॉपसारखा चपळ हाफबॅक फुलपाखरासारखा भिरभिरत होता, बॉल या हातातून त्या हातात, पुन्हा मागे, पुन्हा बाहेर. सात ट्राय! ट्राय म्हणजे समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे जाऊन बॉल जमिनीला टेकवणं, तेव्हा त्याचे ३ गुण. साता त्रिक एकवीस. आणि पिपेतचे ७ गोल, सात दुणे चौदा. २१ अधिक १४ म्हणजे ३५!

फ्रान्स ३५, ऑस्ट्रेलिया १४. सिरीज २-१.

जरा थांबून हिशेब करू. ७, ४, ७. तीन टेस्टमध्ये १८ गोल, ३६ गुण. फ्रान्सने तीन टेस्टमध्ये एकूण केले ७२. म्हणजे संपूर्ण देशाचे बरोब्बर निम्मे गुण एका माणसाच्या एका पायातून! हा आकडा मी दोनदा मांडून पाहिला आणि दोन्ही वेळा तोच आला. ७२ चे निम्मे ३६. पावकी-निमकी पाठ असलेल्या आजोबांना विचारा, तेही मान डोलावतील.

टीम परतली तेव्हा मार्सेय शहराने त्यांना उघड्या मोटारींतून मिरवलं. आणि वर्षअखेरीस 'लेकिप' या फ्रान्सच्या मोठ्या क्रीडा दैनिकाने वर्षातला सर्वोत्तम खेळाडू निवडला तो पुइग ओबेर. ज्या खेळाचं खरं नाव छापायला मनाई, त्या खेळाचा खेळाडू देशात नंबर वन!

मिरवणुकीवरून आठवलं. पुढच्याच वर्षी, १९५२ मध्ये, आपल्या खाशाबा जाधवांनी हेलसिंकीत कुस्तीचं ब्राँझ आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कराडजवळच्या गोळेश्वरला त्यांची मिरवणूक निघाली ती शंभरावर बैलगाड्यांची! खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा, म्हणजे पिपेतपेक्षा जेमतेम दहा महिन्यांनी लहान. दोघेही बुटके, दोघेही दणकट. खाशाबांना म्हणायचे 'पॉकेट डायनॅमो'. एकाला मार्सेयच्या मोटारी, दुसऱ्याला कराडच्या बैलगाड्या. माझं मत विचाराल तर बैलगाड्या जास्त भारी.

पुढची पुडी आणखी चटपटीत. सांगा पाहू, वर्ल्डकप आधी कोणाचा, क्रिकेटचा की तेरांच्या रग्बीचा?

तेरांचा! आणि थोडाथोडका नाही, २१ वर्षं आधी. पुरुषांच्या क्रिकेटचा पहिला वर्ल्डकप १९७५, पंधरांच्या रग्बीचा १९८७, तेरांचा १९५४! कल्पना फ्रेंचांची, संघटनेचे अध्यक्ष पोल बारिएर यांची. भरवला फ्रान्सने. टीम चारच. फ्रान्स, ग्रेट ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड. फ्रान्सचा कॅप्टन अर्थातच पिपेत.

न्यूझीलंडला २२-१३ हरवलं. ब्रिटनशी १३-१३ बरोबरी (तेरांच्या खेळात तेरा-तेरा, यापेक्षा तेरावालं काय असेल!). ऑस्ट्रेलियाला १५-५. फ्रान्स आणि ब्रिटन गुणतक्त्यात बरोबरीत, म्हणून १३ नोव्हेंबरला पॅरिसच्या पार्क दे प्रॅन्सवर फैसला. तारीखसुद्धा तेराच!

आणि तिथे मात्र घात झाला. ब्रिटन १६, फ्रान्स १२. बऱ्याच नावाजलेल्या खेळाडूंशिवाय आलेल्या ब्रिटिश टीमने कप नेला. स्पर्धेत पुइग ओबेरचे एकूण गुण मात्र २६. म्हणजे किती गोल? भागिले दोन... १३! हे मी जुळवून आणलेलं नाही, हे असंच आहे.

जाता जाता, कबड्डीचा वर्ल्डकप पहिल्यांदा कुठे रंगला, माहीत आहे का? आपल्या मुंबईत, २००४ मध्ये. फायनलमध्ये भारताने इराणला हरवलं. तेरांच्या कपचं जन्मगाव पॅरिस, कबड्डीच्या कपचं मुंबई.

बारिएर यांनी दिलेल्या त्या मूळ कपची गोष्ट तर थेट डिटेक्टिव्ह कादंबरीतली. १९७० मध्ये इंग्लंडच्या ब्रॅडफर्ड शहरात एका हॉटेलात तो मांडून ठेवला होता. तिथून चोरीला! पोलीस शोधताहेत, लोक शोधताहेत, कप गायब. जवळपास २० वर्षांनी, १९९० मध्ये, त्याच ब्रॅडफर्डमध्ये तो टाकाऊ कचऱ्यात सापडला. शहरसुद्धा सोडलं नव्हतं! काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण ब्रॅडफर्डवाल्यांना कोणीतरी शिकवा.

कपांचाच विषय निघालाय तर भारताचाही एक कप घ्या. इंग्लंड आणि स्कॉटलंड दरवर्षी पंधरांच्या रग्बीत ज्याच्यासाठी भिडतात तो 'कलकत्ता कप' कशाचा बनलाय? भारतीय रुपयांचा! कलकत्त्याचा रग्बी क्लब बंद पडला तेव्हा बँकेत उरले होते चांदीचे २७० रुपये. ते काढून, वितळवून १८७८ मध्ये कप घडवला. झाकणावर हत्ती, मुठींना नाग. जगातल्या सगळ्यात जुन्या इंटरनॅशनल रग्बी लढतीच्या कपात आपली चांदी खणखणते.

पिपेतचं पुढे काय झालं? १९४६ ते १९५६ अशी दहा वर्षं तो फ्रान्सकडून खेळला. ४६ इंटरनॅशनल, ३६१ गुण. कार्कासोनप्रमाणेच पर्पिन्याँच्या तेरावाल्या क्लबकडूनही खेळला, नंतर कोचिंग केलं. १९५५ मध्ये फ्रान्सने पुन्हा ऑस्ट्रेलियात जाऊन सिरीज २-१ जिंकली. सलग दोन दौरे, दोन विजय! त्यानंतर फ्रेंच तेरावाल्यांना असे दिवस पुन्हा दिसले नाहीत. जप्त झालेला पैसा कधी परत आला नाही, टीव्हीवर पंधरांचा कब्जा झाला. ३ जून १९९४ ला कार्कासोनमध्येच पुइग ओबेर गेला, वयाच्या ६९ व्या वर्षी.

या खेळाचं दुखणं अजून सरलेलं नाही. २०२५ चा वर्ल्डकप फ्रान्समध्ये व्हायचा होता. २०२३ मध्ये पैशांचं गणित जमेना म्हणून फ्रान्सने यजमानपद सोडलं आणि कप २०२६ ला ऑस्ट्रेलियाच्या वाट्याला गेला. ज्या देशाने कप जन्माला घातला, त्याच देशाने दार लावून घेतलं. हे वाचताना मला खरोखर वाईट वाटलं.

पण लगेच गोड घास घ्या! पर्पिन्याँच्या 'कातालान ड्रॅगन्स' या टीमने २०१८ मध्ये लंडनच्या वेम्बलीवर वॉरिंग्टनला २०-१४ हरवून इंग्लंडची मानाची चॅलेंज कप स्पर्धा जिंकली. इंग्लंडबाहेरच्या क्लबने हा कप नेण्याची ही पहिलीच वेळ. त्यांच्या स्टेडियमला नाव आहे जिल्बेर ब्रुतुस या खेळाडूचं, ज्याला १९४४ मध्ये नाझी पोलिसांनी मारलं. आणि त्याच स्टेडियमच्या एका स्टँडचं नाव? 'पुइग ओबेर'!

आता वळू घराकडे. १९९८ हे साल लक्षात ठेवा. १ जुलैला धुळ्यातून वेगळा होऊन नंदुरबार जिल्हा जन्मला. ११ दिवसांनी, १२ जुलैला, फ्रान्सने आपला पहिला फुटबॉल वर्ल्डकप जिंकला. आणि त्याच वर्षी भारताची रग्बी टीम पहिल्यांदा इंटरनॅशनल मैदानात उतरली. त्या टीममध्ये एक चेहरा सिनेमावाल्यांच्या ओळखीचा होता, मुंबईचा अभिनेता राहुल बोस! पडद्यावर तरल, मैदानात तगडा. पुढे तोच भारतीय रग्बी संघटनेचा अध्यक्ष झाला.

जून २०२५ मध्ये तर मुंबईत, अंधेरीच्या शहाजीराजे क्रीडा संकुलात, रग्बी प्रीमियर लीग रंगली. सहा टीम, कप नेला चेन्नई बुल्सने. यात एका बाजूला खेळाडू किती? सात. कबड्डीइतकेच! पंधरा, तेरा, सात... रग्बी हळूहळू आपल्याच आकड्यावर येतेय की काय?

आणि आता, लोणखेड्याच्या पोरांनो आणि पोरींनो, खास तुमच्यासाठी शेवटची पुडी. माहीत आहे का, की रग्बी लीग कोणालाही न पाडता खेळता येते? १९६० च्या दशकात सिडनीतल्या तेरावाल्यांनीच सरावासाठी 'टच' नावाचा अवतार काढला. पकड नाही, लोळवणं नाही, नुसता हात लावायचा. सहा वेळा हात लागला की बॉल पलीकडच्यांना. हात लावून बाद करणं कबड्डीवाल्यांना कोणी शिकवायचं?

साहित्य काय लागतं? एक मोकळं मैदान, फक्कीने मारलेल्या दोन रेषा, एक बॉल. लांबुडका मिळाला तर मस्त, नाहीतर फुटबॉल चालेल. शाळेच्या पीटीच्या सरांना आणि मॅडमना विनंती, या रविवारी कबड्डीचा डाव आटोपला की अर्धा तास हा खेळ लावून बघा. पास फक्त मागे, पाय फक्त पुढे. मुली-मुलगे एकत्र खेळू शकतात, अंगाला माती कमी लागते, दम मात्र पूर्ण निघतो. आणि कोणी बुटकं, गोल, पळायला आळशी पोर बाजूला उभं असेल तर त्याला आधी बॉल द्या आणि किक मारायला सांगा.